वीज पडते, मालक सुटतो

पेपरात चार ओळी येतात. आतल्या पानावर, सोन्याच्या भावाखाली. 'वीज अंगावर पडून मजुराचा मृत्यू.' नाव, वय, मूळ गाव, मागं बायको, दोन पोरं. शेवटी हमखास ते वाक्य : निसर्गापुढे माणूस हतबल. खलास. फाईल बंद. मशीनमध्ये बोटं गेली तर मालकाला निदान दोन दिवस धावपळ करावी लागते, वकील गाठावा लागतो. वीज पडली तर तेवढीही तोशीस नाही. निसर्गाला कुठं समन्स काढणार?

दोस्तांनो, आमचं भांडण या चार ओळींशी आहे. त्यात एक गोष्ट कधीच छापली जात नाही. वीज पडली तेव्हा तिथं पाऊस पडत होता का? ती छापली तर पुढचा प्रश्न येईल : पाऊस नव्हता, मग ढग किती लांब होता? आणि त्याच्याही पुढचा : गडगडत असताना त्या माणसाला उघड्यावर कोणी ठेवलं होतं?

आधी विजेचं बघू. शाळेत आपल्या डोक्यात बसलंय की ढग डोक्यावर येतो, पाऊस लागतो, मग वीज पडते. हे अर्धवट आहे आणि या अर्धवटपणानं माणसं मारलीत. गडगडणारा ढग म्हणजे बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा उभा डोंगर. त्याच्या पोटात गारा आणि बर्फाचे कण एकमेकांवर घासतात, भार वेगळे होतात, वर धन आणि मध्ये-खाली ऋण. बरीचशी वीज ढगातल्या ढगातच जिरते. काही सरळ खाली येते. पण काही वेळा ती ढगाच्या कुशीतून बाहेर पडते, मोकळ्या निळ्या आभाळातून आडवी धावते, आणि लांब कुठंतरी, जिथं ऊन पडलंय, पाखरं दाणे टिपतायत, तिथं जमिनीवर उतरते. पंधरा-सोळा किलोमीटर ही तिच्या दृष्टीनं काही मोठी मजल नाही. चाळीस किलोमीटरच्या आसपासच्याही नोंदी आहेत. ढगाढगांतून धावणारी तर विचारूच नका. २२ ऑक्टोबर २०१७ ला अमेरिकेत टेक्सासपासून कॅन्सस सिटीपर्यंत एकच वीज धावली, ८२९ किलोमीटर. जागतिक हवामान संघटनेनं २०२५ साली तो विक्रम जाहीर केला. आपला समृद्धी महामार्ग मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर आहे, म्हणजे बघा.

हा हिशेब आळंदीला लावा. चाकण इथून दहाएक किलोमीटर. वळवाचे दिवस. चाकणवर ढग काळाकुट्ट, तिथं गारा पडतायत, आणि इंद्रायणीच्या घाटावर लख्ख ऊन, बाया धुणं आपटतायत. त्या बाया विजेच्या टप्प्यात आहेत. चाकणच्या चौकात उभा आहे त्याच्याइतक्या नसतील, पण आहेत. मोजायची रीत सोपी : चमक दिसली की सेकंद मोजा, आवाज येईपर्यंत. तीननं भागा. तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर हातातलं टाका आणि पक्क्या छपराखाली जा. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास उलटेपर्यंत बाहेर पडू नका, कारण पाठ फिरवून चाललेला ढगही मागं लाथ मारतो. आणि मोजायला वेळ नसेल तर याहून सोपं : गडगडाट कानावर आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आलात. हा जगभरचा ठरलेला नियम आहे.

मुकादमाचा नियम वेगळा. "पाऊस कुठाय अजून? चालू दे काम."

झालं. सगळं मरण या एका वाक्यात आहे. शास्त्र सांगतं गडगडाटाला थांबा, मालक सांगतो पावसाला थांबा. या दोन्हींच्या मधे जो वेळ जातो, कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास, त्या वेळात आपली माणसं मरतात. थेंब न पडता.

आता वीटभट्टीवर चला. चऱ्होली, मोशी, मरकळकडे, इंद्रायणीच्या काठानं. दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंबं येतात, वैशाखापर्यंत राहतात. मजुरी हजारावर. हजार विटांचे इतके. आता डोळ्यांसमोर आणा : मातीचं सपाट मैदान, त्यावर कच्च्या विटांच्या ओळी, आसपास झाड नाही, खांब नाही, मैदानात सगळ्यात उंच म्हणजे उभा असलेला माणूस. लांब चाकणच्या अंगाला गडगडतं. पेपरवाल्या शहाण्यांना वाटेल, आता ही माणसं आत पळतील. अहो, ती बाहेर पळतात! झोपडीत दमून पडलेला, पोराला पाजत बसलेली, म्हातारी, दहा वर्षांची पोर, सगळे ताडपत्र्या घेऊन मैदानात धावतात. कारण कच्ची वीट भिजली की चिखल होते, आणि चिखलाची मजुरी मिळत नाही. आठ दिवसांचं काम पाण्यात. डोक्यावर उचलीचा डोंगर. म्हणून ज्या घटकेला जगातला प्रत्येक हवामानशास्त्रज्ञ 'आत जा' म्हणून ओरडतो, नेमक्या त्या घटकेला आमची बाई ताडपत्रीचं टोक धरून मैदानाच्या मधोमध उभी असते. तिला विजेची भीती नाही असं नाही. तिला उचलीची भीती जास्त आहे. ही भीती आभाळातून पडलेली नाही. ती वहीत लिहिलेली आहे, अंगठ्यासकट.

चाकणच्या बाजारात कांद्याच्या ढिगावर हेच. कांदा झाकायला हमाल धावतो. बांधकामावर थोडं निराळं : "स्लॅब चालू आहे, अर्ध्यात सोडता येत नाही." बाराव्या मजल्यावर, सळ्यांच्या जंगलात, ओल्या काँक्रीटमध्ये गुडघाभर उभा असलेला गडी. त्या बिल्डिंगच्या माथ्यावर एक दिवस वीज अटकाव यंत्र बसणार आहे. लायटनिंग अरेस्टर. ब्रोशरमध्ये त्याचा फोटोही असेल. पण ते शेवटी बसतं, सगळं झाल्यावर, राहणारे यायच्या आधी. बांधणारे असतात तोपर्यंत त्या इमारतीवर सगळ्यात उंच लोखंड म्हणजे बांधणाऱ्याच्या हातातली सळी.

मोशीच्या कचरा डेपोवरची माणसं तर कचऱ्याच्या टेकडीवरच उभी. त्यांच्याबद्दल वेगळं काय सांगायचं.

आणि तो गडगडाट तरी ऐकू येतो का? मोशीच्या दगडखाणीत क्रशर चालू असतो. साइटवर मिक्सर, व्हायब्रेटर, ड्रिल. शेजारी बोललेलं ऐकू येत नाही तिथं दहा किलोमीटरवरचा ढग काय ऐकू येणार! म्हणजे निसर्गानं जो एक भोंगा फुकट दिलाय तोही आमच्या कानांपर्यंत पोचत नाही. कंपनीत शिफ्टला भोंगा वाजतो. एक मिनिट उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा खाडा लागतो, इतका तो अचूक वाजतो. विजेला भोंगा वाजवायला काय हरकत होती?

कोणी म्हणेल, माहितीच नव्हती. खोटं. ही माहिती आळंदीपासून पंचवीसेक किलोमीटरवर तयार होते. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. देशभर पसरलेली तिची ऐंशीहून जास्त यंत्रं वीज कुठं पडली ते टिपतात. त्यांनीच 'दामिनी' नावाचं ॲप काढलंय. तुमच्या आसपास, वीस-चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडतेय का, ते त्यात दिसतं. चांगलं काम आहे, त्या शास्त्रज्ञांशी आमचं भांडण नाही. पण मातीनं माखलेल्या हातानं फोन कोण बघणार? ॲपवर लाल ठिपका दिसला म्हणून हजारी सोडून कोण उठणार? तो ठिपका मुकादमानं बघायचा, ठेकेदारानं बघायचा, साइट इंजिनिअरनं बघायचा. त्यांच्या खिशात फोन आहेत, दोन-दोन आहेत. त्यावर क्रिकेटचा स्कोअर दिसतो.

मग येतात सरकारी सूचना. विजा चमकत असताना पक्क्या इमारतीत आसरा घ्या. झाडाखाली थांबू नका. पत्र्याच्या शेडपासून दूर राहा. सूचना शंभर टक्के बरोबर. आपल्या देशात विजेनं मेलेल्यांपैकी ७१ टक्के झाडाखाली उभे होते असं २०१९-२० च्या वीज अहवालात आलंय. झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते, एका पायातून शिरते, दुसऱ्यातून निघते. गुरं तशीच मरतात, चार पायांवर उभी असतात म्हणून. तेव्हा सूचना पाठ करा. पण भल्या माणसा, ज्याला तू 'पक्क्या इमारतीत जा' सांगतोस, तो पक्की इमारत बांधणारा आहे, तिच्यात राहणारा नाही. तो विटा पाडतो आणि राहतो पाचटाच्या खोपीत. तो टॉवर उभा करतो आणि झोपतो त्याच पत्र्याच्या शेडमध्ये, ज्याच्यापासून तू त्याला दूर राहायला सांगतोयस.

खोपीचा आसरा किती खरा ते जगानं मोजून ठेवलंय. एका विजेनं थेट मेलेल्यांचा जागतिक हवामान संघटनेच्या दप्तरातला आकडा आहे २१. साल १९७५. जागा, तेव्हाच्या ऱ्होडेशियातल्या, आजच्या झिंबाब्वेतल्या एका झोपडीची. वादळ आलं म्हणून एकवीस माणसं जीव वाचवायला आत शिरली, आणि आतच गेली. ती झोपडी 'ट्रायबल ट्रस्ट लँड'मध्ये होती. गोऱ्यांच्या राज्यात काळ्यांना राहायला राखून ठेवलेली जमीन ती. नाव केवढं सोज्वळ! आमच्याकडे त्याला गावकुसाबाहेर म्हणतात.

गावकुसावरून आठवलं. आळंदीत ज्ञानेश्वरांनी चालवलेली भिंत दाखवतात. लोक नमस्कार करतात, करू देत. पण आम्हाला दुसरी भिंत आठवते. मंगळवेढ्याची. १३३८ साली गावकुसाचं काम चालू असताना ती कोसळली आणि तिच्याखाली मजुरांबरोबर चोखामेळा मेला. वेठीला धरून आणलेला. दोन्ही भिंती वारकऱ्यांच्या तोंडी आहेत. एकीच्या कथेत चमत्कार आहे, दुसरीच्या कथेत मजूर. आणि त्याही मरणाला गोडवा चढवून ठेवला, की त्याच्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं. भिंत का पडली, काम कोणी लावलं होतं, हे विचारायची गरजच उरली नाही. चार ओळींची बातमी तेव्हापासून तीच आहे.

आळंदीत छपराची वानवा नाही. धर्मशाळा किती मोजायच्या! पक्क्या, स्लॅबच्या, आणि पुष्कळशा जातवार, या समाजाची ती, त्या समाजाची ही. पंढरपुरात गाडगेबाबांना चोखामेळ्याच्या नावानं वेगळी धर्मशाळा उभारावी लागली आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. का लागली वेगळी? हे सांगायला नको. वारी नसते तेव्हा पुष्कळ दारांना कुलूप असतं. गडगडायला लागलं की घाटावरच्या, रस्त्यावरच्या, कोणाही माणसासाठी ही कुलपं निघाली पाहिजेत. नाव, गाव, आडनाव न विचारता. अर्ध्या तासाची गोष्ट आहे. माउली म्हणवता ना?

आता कोणीतरी प्राध्यापक उभा राहील आणि म्हणेल, विजेला कुठे जात असते? नसते, साहेब. विजेला नसते. छपराला असते. वेळेला असते. कोणाला हातातलं काम टाकून उठता येतं आणि कोणाला नाही, यालाच आम्ही जात म्हणतो, वर्ग म्हणतो, तुम्ही काय वाट्टेल ते म्हणा. अमेरिकेत १९४० च्या सुमाराला दरवर्षी तीनशेवर माणसं विजेनं मरत. आता वीसेकच्या आसपास. लोकसंख्या मधल्या काळात अडीचपट झाली. त्यांचं आभाळ बदललं का? उघड्या रानातली माणसं कमी झाली, घरांना वायरिंग आणि नळाचे पाइप आले, जे वीज जमिनीत नेतात, आणि गडगडलं की मैदान रिकामं करायची शिस्त आली. इकडे नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोचे आकडे बघा : २०२० मध्ये २,८६२, २०२१ मध्ये २,८८०, २०२२ मध्ये २,८८७. दिवसाला सात-आठ. पूर, दरड, ऊन, थंडी, सगळं धरून २०२२ मध्ये निसर्गाच्या नावावर ८,०६० मृत्यू मांडले, त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एकट्या विजेचा. निसर्गाच्या नावावर! मांडणारा कारकून बिचारा काय करील, त्याच्या तक्त्यात 'ठेकेदार' असा रकानाच नाही.

आणि मग चार लाख. महाराष्ट्रात २०१४ पासून वीज पडणं ही राज्यापुरती आपत्ती मानली जाते, केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या नियमांतल्या बारा आपत्तींत ती नव्हतीच. मेलेल्याच्या वारसाला चार लाख. तलाठी येतो, पंचनामा होतो, पोस्टमार्टेम होतं, तहसीलदारांच्या हस्ते चेक, फोटो. आम्ही चार लाख नको म्हणत नाही. ज्याच्या घरचं गेलंय त्यानं घ्यावेत आणि पूर्ण घ्यावेत. पण त्या पैशाचं नाव बघा. सानुग्रह अनुदान. अनुग्रह! कृपा! राजानं प्रसन्न होऊन दिलेलं. आणि हा अनुग्रह झाला की भट्टीमालक, बिल्डर, लेबर काँट्रॅक्टर, सगळे दुखवट्याला येऊन चहा पिऊन मोकळे. ज्यानं माणूस उघड्यावर उभा केला त्याच्या खिशातून दमडी नाही. भरपाई भरली कोणी? सरकारी तिजोरीनं, म्हणजे काडेपेटीवरही कर भरणाऱ्या तुम्ही-आम्ही.

कायदा काय म्हणतो? कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा इंग्रजांच्या कायद्यावरून उतरवलेला. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला तर मालक देणं लागतो, हा त्याचा गाभा. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत मुरवला, तरी हे शब्द तसेच आहेत. आणि विजेचा प्रश्न या शब्दांपुढे शंभर वर्षांपूर्वीच आलेला आहे. १९०४ साली इंग्लंडमध्ये वीसेक फूट उंच परांचीवर काम करणारा गवंडी विजेनं मेला. मालक म्हणाला, देवाची करणी. कोर्ट म्हणालं, नाही. एवढ्या उंचीवर उभं करून तुम्ही त्याचा धोका इतरांपेक्षा वाढवलात, पैसे भरा. चार वर्षांनी, १९०८ साली, आयर्लंडमध्ये केरी कौंटीचा रस्त्यावर काम करणारा मजूर विजेनं मेला. तिथं कोर्ट म्हणालं, रस्त्यावर चालणाऱ्या कोणालाही तेवढाच धोका होता, भरपाई नाही. रस्त्यावर चालणारा पळून आडोशाला जाऊ शकतो आणि कामावरचा जाऊ शकत नाही, एवढं साधं त्या न्यायमूर्तींना कळलं नाही. पण धडा दोन्हींतून एकच निघतो. जागा कोणती होती आणि तिथं का उभा होता, हे सिद्ध झालं तर मालक सापडतो. नाही झालं तर देव सापडतो, आणि देव पैसे देत नाही.

आणखी एक, कारण याच्यावाचून माणसं फुकट जातात. वीज लागलेल्या माणसाला लोक शिवत नाहीत. म्हणतात, अंगात करंट असतो. कुठं शेणात पुरतात, कुठं नुसते घोळका करून बघत राहतात. शिवा-शिव इथंही! अंगात काहीही राहत नाही, विजेचा खेळ सेकंदाच्या आत संपलेला असतो. अमेरिकेतल्या नोंदींत वीज लागलेल्या दहांतले नऊ जगतात. श्वास थांबलेला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरानं आणि भराभर दाबत राहा, तोंडानं श्वास द्या, १०८ ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. शिवा त्याला. आपल्याइतकं कोणाला कळणार, न शिवल्यानं माणूस कसा मरतो ते.

मागायचं काय? गडगडला की काम बंद, आणि शेवटच्या गडगडाटानंतरचा अर्धा तास धरून त्या वेळेची हजेरी चालू. सगळी मेख या पगारी अर्ध्या तासात आहे. तो मिळाला नाही तर बाकीच्या सूचना भिंतीवर चिकटवायच्या लायकीच्या. हजारीवर काम असेल तर कच्च्या विटा भिजल्याचं नुकसान मालकाचं. ताडपत्री आभाळ भरायच्या आधी, संध्याकाळीच घालून ठेवायची. क्रशर-मिक्सर चालतो तिथं भोंगा. साइटवर एक तरी पक्की खोली, वीज अटकाव यंत्रासकट, आणि कुलपाशिवाय. तीही नसेल तर चाकण एमआयडीसीत कामगारांच्या कंपनी बसेस दिवसभर पार्किंगला रिकाम्या उभ्या असतात. पत्र्याची बंद बस, काचा वर करून, आतल्या लोखंडाला हात न लावता बसलं तर चांगला आसरा आहे. वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते. एक पैसा खर्च नाही. ड्रायव्हरला दार उघडायला सांगायचं, एवढंच.

आणि कोणी मेलाच, तर पंचनाम्याच्या वेळी तिथून हलू नका. 'वीज पडून मृत्यू' एवढ्यावर सही करू नका. लिहायला लावा : काम चालू होतं. कोणाचं काम होतं. जमिनीपासून किती उंचीवर, की मोकळ्या मैदानात. हातात काय होतं. पहिला गडगडाट किती वाजता झाला, वीज किती वाजता पडली, पाऊस होता की नव्हता. मधल्या वेळात काम चालू ठेवा असं कोण म्हणालं, त्याचं नाव. दोन साक्षीदार, मोबाइल नंबरासकट. नक्कल मागून घ्या, आणि ती गावी पाठवायच्या सामानात नाही, स्वतःच्या खिशात ठेवा.